एका पायात बूट

काचेचं दार सरकलं, ट्रॉल्यांची रांग बाहेर आली आणि त्या रांगेत माझी लेक. माझं पहिलं लक्ष गेलं ते तिच्या पोटाकडे, आणि पोट नव्हतं. अंगात सैल कोट, बटणं उघडी, गळ्यातला रुमाल मुद्दाम पुढे सोडलेला. दुसरी कोणी बाई असती तर फसली असती. पण मी कपड्यांच्या मोठ्या दुकानात अल्टरेशनच्या काउंटरवर बसते. अर्धं आयुष्य लोकांच्या कमरा मोजण्यात गेलंय. कोट कितीही ढगळ असू दे, आत माणूस किती आहे ते मला लांबून कळतं. सहावा महिना लागलेल्या बाईचा कोट पुढून उचलला जातो. हिचा चहूबाजूंनी सारखा लोंबत होता. ती माझ्याकडे बघून हसली, मी तिच्याकडे बघून हसले. माझ्या पिशवीत तिच्यासाठी पोटाला पट्टी जोडून वाढवलेला झगा होता. मी पिशवी मागच्या हातात घेतली. मिठी मारताना तिने मधे अंतर ठेवलं, जसं पोट असलेली बाई ठेवते, आणि मग आपणच ते मिटवलं. तिला कळलं की मला कळलं. तरी दोघी म्हणालो काय, तर विमान वेळेवर आलं, आणि बॅग जड आहे का.

मला तिला सांगायचं एवढंच होतं की तिचे बाबा गेले. जाऊन महिना होत आला होता, आणि तिला अजून माहीत नव्हतं. हे वाचून मला कोणी राक्षसीण म्हणेल तर म्हणो. आमच्या घरात एक नियम होता, आणि तो ह्यांनीच केलेला होता, की वाईट बातमी फोनवर सांगायची नाही. समोर बसायचं, हात हातात घ्यायचा, मग सांगायचं. हे विमानतळावर सामान वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यांचे मेकॅनिक होते. तरुणपणी ह्यांची आई गेली तेव्हा वर्कशॉपच्या फोनवर निरोप आला. शेजारी पट्टा चालू, खडखडाट, ह्यांना ऐकूच येईना. ‘काय? काय?’ करत राहिले आणि पलीकडचा माणूस ओरडत राहिला, ‘गेली, गेली’. शेवटी सगळं वर्कशॉप काम थांबवून ह्यांच्याकडे बघायला लागलं. त्या दिवसापासून हा नियम. पुढे लेक दुसऱ्या शहरात शिकायला होती तेव्हा घरचा बोका मेला, तर हे रजा टाकून तिच्या वसतिगृहावर गेले, तिला बाकावर बसवलं आणि सांगितलं. लेक एका पेपरात नापास झाली तेव्हा ती रात्रभर बसमधून प्रवास करून सकाळी दारात उभी. हे दात घासत होते. ‘एवढ्यासाठी आलीस?’ म्हणाले, आणि तोंडातल्या फेसासकट हसायला लागले. मी वैतागायचे, की तुम्हा बापलेकीचा भाड्यातच जीव जाणार. पण नियम मीही पाळला. आणि ह्या वेळी तर लेक दोन जिवांची. सुरुवातीपासून तिला त्रास होता, डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का नको. माझा भाऊ म्हणाला, ‘ताई, आत्ता कळवू नकोस, नाहीतर एकाच्या मागे दुसरं जाईल.’ आम्ही नाही कळवलं. सगळं उरकलं, माणसं आली आणि गेली, आणि रविवारी तिचा फोन आला तेव्हा मी म्हणाले, बाबा झोपलेत.

मग बाबा झोपतच राहिले. कधी त्यांचा घसा बसला, कधी ते केस कापायला गेले, कधी फिरायला. जिवंतपणी ज्या माणसाला कोपऱ्यावर जा म्हटलं तर गुडघे दुखायचे, त्याला मेल्यावर मी गावभर हिंडवला. खोटं बोलणं अवघड असतं असं म्हणतात. मला तसं वाटलं नाही. मला ते आवडायला लागलं होतं. ‘आत्ताच बाहेर पडले बघ’ असं म्हणून मी फोन ठेवायचे आणि खरंच दाराकडे बघायचे. आणि विषय बदलायला हमखास विचारायचे, ‘बाळ काय म्हणतंय? लाथा मारतंय का?’ ती म्हणायची, ‘मारतंय. रात्री फार मारतंय.’

पण एक गोष्ट मला छळत होती. मी त्या दिवशी संध्याकाळी दुकानातून आले तेव्हा हे पॅसेजमध्ये फोनशेजारच्या खुर्चीत होते. फोन जागेवर नीट ठेवलेला होता. उजव्या पायात बूट होता, नाडी बांधलेली. डावा बूट मांडीवर होता आणि नाडीचं एक टोक बोटांत धरलेलं. डॉक्टर म्हणाले, क्षणात झालं असणार, त्रास झाला नसणार. ते असंच म्हणतात. मला त्रासाचं विचारायचं नव्हतं. मला विचारायचं होतं, कुठे निघाले होते? निवृत्त झाल्यापासून दुपारी हे कधी घराबाहेर पडत नसत. दूध होतं, ब्रेड होता, औषधं होती. कोणाला भेटायचं म्हणावं तर ह्यांना कोणी नव्हतं, एक मी सोडून. रोज रात्री मी अंथरुणात पडून ह्यांना बूट घालायला बसवायचे आणि विचारायचे, कुठे निघालात, सांगा की. शेजारच्या बाईने तो एक बूट पायातून काढला तेव्हा नाडी कापायला निघाली होती. मी तिला कापू दिली नाही, मी गाठ सोडवली. ह्यांची गाठ मला माहीत होती.

तर लेकीला ट्रेनमध्ये सांगायचं मी ठरवलं होतं. घरी नेऊन सांगावं तर दार उघडताच तिला रिकामी खुर्ची दिसली असती. टॅक्सीत पुढे ड्रायव्हर असतो आणि तो आरशातून बघतो. विमानतळापासून शहराच्या मधल्या स्टेशनापर्यंतची ही ट्रेन म्हणजे ह्यांच्या रोजच्या पायाखालची वाट. नवी होती तेव्हा एका रविवारी हे मला नुसतीच फिरवून आणायला घेऊन गेले होते, जसं लोक बायकोला बागेत नेतात. आदल्या दिवशी मला सुट्टी होती. मी ट्रेनने उगाच विमानतळापर्यंत गेले आणि परत आले. कपडा शिवायच्या आधी कच्चा दोरा घालून अंगावर चढवून बघतात, तसं. दुसरं स्टेशन गेलं की गोदामांचा लांब पट्टा लागतो, तिथे गाडी बराच वेळ थांबत नाही, लोक चढत-उतरत नाहीत. तिथे सांगायचं. हात धरायचा, ‘बाळा’ म्हणायचं आणि सांगायचं. समोरच्या रिकाम्या सीटला मी ते सांगूनही बघितलं. तिकीट तपासनीस तेव्हाच आला आणि म्हणाला, ‘काही म्हणालात का?’

आता मात्र ती सीट भरलेली होती. एक माणूस झोपला होता, त्याच्या बॅगेच्या मुठीला तीन-चार जुने कागदी पट्टे लटकत होते. लेकीने आपली बॅग रॅकवर ठेवू दिली नाही, पायांत धरून बसली. आम्ही डाव्या बाजूला बसलो होतो, गाडीच्या उलट तोंडाने. ही ह्यांची जागा. हे म्हणायचे, जाताना पुढचं बघावं, येताना मागचं बघावं, म्हणजे मानही अवघडत नाही आणि मनही. विमानतळ मागे मागे जात लहान झाला. पार्किंगचे मजले, कुंपण, एका इमारतीची मागची बाजू, जिथे स्वयंपाकघरांचे धुराडे असतात आणि टोपी काढून माणसं सिगरेट ओढत उभी असतात. लेक काचेला टेकली होती. तिच्या हनुवटीखाली लहानपणी पडलेला व्रण आहे, तो मला बऱ्याच वर्षांनी इतक्या जवळून दिसला. मला एकाएकी तिचा भयंकर राग आला. मी इतके दिवस तोंड शिवून बसले ती कोणासाठी? ज्याच्यासाठी मी माझ्या नवऱ्याच्या नावाने एकदा मोकळेपणाने रडलेही नाही, भिंतीपलीकडून कोणी लेकीला कळवील म्हणून उशीत तोंड घातलं, ते बाळ कुठे आहे? आणि राग आला तसा ओसरला आणि त्याच्या जागी नुसती भीती उरली. पहिलं स्टेशन आलं. कोणी उतरलं नाही.

‘आई, बघितलंस ना,’ लेक काचेकडे बघतच म्हणाली.

‘बघितलं.’

‘काही बोलली नाहीस.’

‘तू सांगशील म्हणून थांबले.’

तिने माझा हात घेतला. मी घ्यायचा ठरवला होता, तिने घेतला. समोर नव्हती, शेजारी होती, पण बाकी सगळं नियमाप्रमाणे होतं. ती म्हणाली, ‘पाचव्या महिन्यातच झालं. सकाळी कामावर गेले होते, तिथूनच दवाखान्यात नेलं. मुलगा होता.’ मग म्हणाली, ‘तुला फोनवर सांगायचं नव्हतं. पण त्या दिवशी माझं चुकलं. दवाखान्यातून मी घरी फोन केला. तो तुझा सुट्टीचा वार होता ना, वाटलं तू उचलशील. तू उचलला असतास तर मी काही सांगितलं नसतं, नुसता आवाज ऐकून फोन ठेवला असता. पण बाबांनी उचलला. आणि बाबा म्हणाले, काय गं मास्तरीण, आज कशी काय आठवण? आणि माझ्याने राहवलं नाही.’

मास्तरीण हे ह्यांनी तिला ठेवलेलं नाव. चौथीत असताना ती ह्यांना समोर उभं करून पाढे म्हणायला लावायची. त्या दिवशी माझी सुट्टी होती हे खरं. काउंटरवरच्या दुसऱ्या बाईला घर बदलायचं होतं म्हणून मी तिच्याशी वार बदलला होता. त्याबद्दल तिने मला नंतर एक कुंडी दिली.

‘काय म्हणाले बाबा?’ मी विचारलं. माझा आवाज मला नेहमीसारखाच ऐकू आला.

‘म्हणाले, तू रड, मी आहे फोनवर. मी रडले. मग म्हणाले, आईला तू फोन करू नकोस. तिला मी सांगतो. आत्ताच जाऊन सांगतो, समोर बसून.’

दुसरं स्टेशन येऊन गेलं असावं. बाहेर गोदामं सुरू झाली होती, लांबलचक पत्र्याच्या भिंती, खिडक्या नसलेल्या. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला हे दिसत होते, पॅसेजमधल्या खुर्चीत वाकलेले, उजवा बूट चढवताना धापा टाकणारे. माझ्याकडे निघाले होते. एवढी साधी गोष्ट होती. दुसरं कोण होतं त्यांना? बस पकडून दुकानात येणार, काउंटरसमोर उभे राहणार, आणि मला बाजूला बोलावून, ट्रायल रूमच्या स्टुलावर बसवून सांगणार. रोज रात्री मी ज्याला विचारत होते, कुठे निघालात, तो माझ्याच दाराशी यायला निघाला होता. मला आनंद झाला. तो खरा आनंद होता, पोटातून वर आला, आणि वर येईपर्यंत त्याचं काय झालं ते मला सांगता येत नाही. कारण तेवढ्यात मला दुसरंही समजलं. लेकीचा फोन, फोन ठेवणं, एक बूट. ह्या सगळ्याच्या मधे काही नव्हतं. एक बूट घालायला लागतो तेवढाच वेळ.

‘आई, बाबा माझ्यावर रागावलेत का?’ ती विचारत होती. ‘त्यांनी किती वेळा सांगितलं होतं, उभ्याचं काम आहे, सोड ती नोकरी. मी ऐकलं नाही. आणि त्या दिवसापासून ते फोनवर येत नाहीत. तू म्हणतेस झोपलेत, तू म्हणतेस फिरायला गेलेत. बाबा आणि फिरायला? मला कळतं ना गं. आणि तुलाही त्यांनी सांगितलेलं दिसत नव्हतं, तू आपली लाथा विचारायचीस. म्हणून मी मारतंय म्हणायचे. मी ठरवलं, जाऊन दोघांना समोर बसवून सांगते. त्यांना म्हणते, काय बोलायचं ते बोला, पण बोला. मी विमानात सगळं पाठ करून आलेय.’

म्हणजे महिनाभर दर रविवारी आम्ही मायलेकी फोनवर बसून हेच करत होतो. मी तिला माझा मेलेला माणूस जिवंत असल्याचं सांगत होते आणि ती मला तिचं मेलेलं मूल. ती माझा जीव सांभाळत होती, मी तिचा. दोघींनी मिळून दोघांना छान वाढवलं होतं.

रागावले नाहीत, असं म्हणायचं तर गेले म्हणायला हवं. गेले म्हटलं की पुढचा प्रश्न कधी. जगात कोणीही हाच विचारतो. आणि कधी ह्याचं उत्तर दिलं की माझी लेक जन्मभर तो फोन लावत राहील. मी ओळखते तिला. ती नापास झाल्याचं सांगायला रात्रभर बसमधून येणारी मुलगी आहे. मी घाईघाईने विचार केला, जसं गिऱ्हाईक समोर उभं असताना आपण पायघोळ पँट कुठून आखूड करायची ते ठरवतो. दिवस बदलायचा. जास्त नको, एकच. भावाला सांगेन, शेजारणीला सांगेन. कोणाच्या लक्षात राहतात तारखा? मला हेही दिसत होतं की सगळ्यांच्या लक्षात राहतात. खालच्या दुकानदारापासून सगळ्यांना तो वार माहीत होता, तोंडातोंडी कधीतरी निघेलच. पण कधीतरी म्हणजे आज नव्हे. गोदामं संपत आली होती.

‘बाळा,’ मी म्हणाले, ‘बाबा रागावलेले नाहीत. बाबा गेले.’

तिने हात सोडला नाही. समोरचा माणूस जागा झाला, आमच्याकडे एकदा बघितलं आणि परत डोळे मिटून घेतले. भला माणूस असावा.

‘कधी?’

‘तुझा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी. दुपारी. झोपेतच.’

ती हळूहळू मान हलवत होती, अवघड हिशेब समजून घेतल्यासारखी. रडली नाही. गाडी वस्तीत शिरली. घरांच्या गच्च्या, वाळत घातलेले कपडे, एका खिडकीत इस्त्री करणारी बाई. मग लेक म्हणाली, ‘म्हणजे एक दिवस होता त्यांच्याकडे. अख्खा दिवस होता आणि तरी तुला सांगितलं नाही. इतके रागावले होते.’

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी दिवस वाढवला, पण वाढवलेल्या दिवसात माणूस काहीतरी करणार, बोलणार किंवा गप्प राहणार, आणि गप्प राहिला तर का राहिला ह्याचा जाब द्यावा लागणार, हे मला सुचलं नव्हतं.

‘सांगितलं ना,’ मी म्हणाले. ‘त्याच संध्याकाळी सांगितलं. दुकानात आले होते, मुद्दाम. म्हणाले, पोरीचं फार वाईट झालं. तुझ्यावर कसले रागावतात? तुझ्यासाठी जीव तुटत होता त्यांचा.’

तिने वळून माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे ह्यांचे आहेत. पट्टा बिघडला की हे त्याला स्क्रूड्रायव्हर लावून दुसरं टोक कानाला लावायचे आणि असंच एकटक बघत राहायचे, दोष कुठे आहे ते सापडेपर्यंत.

‘तुला माहीत होतं,’ ती म्हणाली, ‘तर मग गेल्या रविवारी तू मला लाथांचं का विचारलंस?’

उत्तरं पुष्कळ असतील, हुशार बाईला सुचली असती. मी माझ्या चपलांकडे बघत बसले. गाडीचा वेग कमी झाला, लोक उठले, रॅकवरून बॅगा उतरवायला लागले. समोरचा माणूस जाताना लेकीच्या बॅगेला पाय लागला म्हणून ‘माफ करा’ म्हणाला. शेवटचं स्टेशन होतं. दारं उघडली, बाहेरचा गजबजाट आत आला, आणि डबा रिकामा झाला. आम्ही दोघी बसून होतो. मला उठायचं होतं, पण उठून तिला कोणत्या घरी नेणार होते? तिथे पॅसेज होता, खुर्ची होती, फोन होता. सगळं मी जागच्या जागी ठेवलेलं होतं.

झाडलोट करणारी बाई पिशवी घेऊन आली. ‘आलं शेवटचं,’ ती म्हणाली. ‘उतरायचं नाही का? ही आता परत विमानतळाला जाणार.’

‘जाऊ दे,’ लेक म्हणाली.

बाईने खांदे उडवले, शेजारच्या सीटखालची रिकामी बाटली पिशवीत टाकली आणि पुढच्या डब्यात गेली. हे सांगायचे, की पट्ट्यावर रोज एखादी बॅग उरते, तिला न्यायला कोणी येत नाही, ती आपली गोल गोल फिरत असते. मी विचारायचे, मग तिचं काय करता? हे म्हणायचे, थोडा वेळ फिरू देतो. दारं मिटली. गाडी सुटली, आणि आता आमचं तोंड जायच्या दिशेला होतं.

‘त्याच दिवशी ना, आई?’ तिने विचारलं.

तिने कोटाची बटणं लावायला घेतली, खालपासून वरपर्यंत सगळी, आणि लावून झाल्यावर दोन्ही हात पोटावर तसेच ठेवले. तिथे आता हात ठेवायला काही नव्हतं, हातांची सवय गेली नव्हती. मग ती रडली. तोंडाने आवाज न करता, कपाळ माझ्या खांद्यावर दाबून, इतकं जोरात दाबून की माझं हाड दुखलं. मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते. तुझी चूक नाही, हे मी म्हणाले, आणि म्हणताना आम्हा दोघींनाही माहीत होतं की ह्या वाक्याचा तिला आयुष्यभर काही उपयोग व्हायचा नाही. गच्च्या गेल्या, कपडे गेले, इस्त्री करणारी बाई खिडकीत नव्हती. गोदामं पुन्हा सुरू झाली तेव्हा ती शांत झाली होती.

‘दुकानात आले,’ ती म्हणाली. डोकं तिने उचललं नव्हतं. ‘मग?’

मला आधी समजलंच नाही.

‘तू सांगत होतीस ना. बाबा दुकानात आले. पुढे सांग.’

‘अगं, ते...’

‘माहितेय मला. तू सांग.’

मी बाहेर बघितलं. पत्र्याच्या भिंती, पत्र्याच्या भिंती. मी म्हणाले, ‘आले. बसने आले. गुडघे दुखत होते, तरी जिना चढून वर आले. मी एका कोटाच्या बाह्या उसवत बसले होते. काउंटरवरची दुसरी बाई म्हणाली, बघा कोण आलंय. मी वर बघितलं. ह्यांनी निळा शर्ट घातला होता, केस विंचरले होते. मी म्हटलं, इथे कशाला आलात?’

‘बूट कुठले होते?’

‘काळे,’ मी म्हणाले. ‘दोन्ही पायांत होते. नाड्या नीट बांधलेल्या.’

‘मग?’

‘मग त्यांनी मला बाजूला बोलावलं. ट्रायल रूममध्ये स्टूल आहे, त्यावर बसवलं. स्वतः समोर उभे राहिले, मग गुडघ्यांवर हात देत देत खाली बसले, माझ्यासमोर, जमिनीवर. माझा हात घेतला. माझ्या हाताला खडू लागलेला होता, तो त्यांनी पुसला.’

‘मग?’

मी सांगत राहिले. जिथे जिथे ती मग म्हणाली तिथे तिथे मी काहीतरी जास्तीचं घातलं, आरसा कुठे होता, बाहेर कोण बोलत होतं, हात किती गार होता. समोर विमानतळाचं कुंपण दिसायला लागलं होतं. हे माझा हात धरून समोर बसलेले होते, दोन्ही बूट घातलेले, आणि जे सांगायला आले होते ते सांगायला त्यांनी अजून तोंड उघडलं नव्हतं.